स्पॉटर कोण आहे रे?

मंडळी, संयोजकांनी मला पाऊण तास दिलाय आणि विषय दिलाय 'पॉवरलिफ्टिंगमधल्या दुखापती आणि सुरक्षितता'. त्यातली दहा मिनिटं माझ्या परिचयात गेली. त्या परिचयातल्या गृहस्थांना भेटायला मलाही आवडेल.

समोर बरेचसे तालमीतले दिसतायत. त्यामुळे स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, प्रत्येकाचे तीन प्रयत्न, तीन पंच, पांढरा दिवा म्हणजे पास, लाल दिवा म्हणजे बाद, हे सांगत बसत नाही. मागे बसलेल्या पालकांनी शेजारच्या पोराला विचारावं. तेवढाच तो मोबाइलमधून मान वर काढेल.

दुखापत झाली की आपण उचलणाऱ्याची चौकशी करतो. पाठ वाकली होती का, बेल्ट होता का, केवढ्याचा होता. मागे स्पॉटर, म्हणजे वजन निसटलं तर बार धरणारा माणूस, कोण उभा होता, हे कुणी विचारत नाही. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. आपल्या सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत, गड्ड्याच्या दिवसांत, नंदीध्वजाच्या उंच काठ्यांची मिरवणूक आपण लहानपणापासून बघतोय. काठी पेलणारा एकच असतो, पण त्याच्या आजूबाजूला चालणाऱ्यांची नजर कुठे असते ते कधी बघितलंय? वर, काठीवर. फोटोवाल्याकडे नाही. आणि त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चालतो. हे ज्या गावाला कळतं, त्याच गावात स्पॉटर म्हणून 'जो मोकळा असेल तो' उभा करतात!

आता एका स्पर्धेचं सांगतो. कुणी भरवली होती ते विचारू नका, पुढच्या वर्षी मला चहा मिळणार नाही. मे महिना, पत्र्याचं शेड, आणि पंखे फक्त व्यासपीठावर. वजनं घेऊन झालेली. नियमाप्रमाणे वजन घेणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं. म्हणजे वजनगटात बसायला आदल्या दिवशी पाणी तोडून वजन उतरवलेल्या पोराला भरून काढायला वेळ किती, तुम्हीच बघा. पोरांनी केळी खाल्ली, ताक प्यायलं, वॉर्म-अप केला, अंग तापवलं. आणि सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, परत शाल. प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर तर भर मे महिन्यात सोलापुरी चादर. त्या दिवशीचा दुखापतीचा पहिला धोका मला तिथेच दिसला. मग मनोगतं. एका वक्त्यांनी भीमापासून सुरुवात केली, आणि महाभारतातून ते लवकर बाहेर आले नाहीत. तोवर खालच्या पोरांची अंगं गार. कुणी मांडी चोळतंय, कुणी कोपऱ्यात बैठका मारतंय.

शेवटी बेंच सुरू झाली, म्हणजे बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा. तीन स्पॉटर नेमलेले. त्यातल्या दोघांना पाहुण्यांबरोबर फोटोला बोलावलं. राहिला एक कॉलेजचा पोरगा, पायात स्लिपर. बेंचवर 120 किलो, तिसरा प्रयत्न. बार छातीवर टेकला, थांबला, पंचांचा 'प्रेस' हा ढकलायचा इशारा मिळाला, निम्म्यावर आला आणि अडकला. माइकवाला ओरडतोय, "शाब्बास! अजून थोडा जोर!" आणि आमचा स्पॉटर माइकवाल्याकडे बघतोय! बार खाली यायला लागला. मी एका बाजूचा पंच. मी आणि पलीकडचे पंच, दोघंही खुर्च्या पाडून धावलो आणि दोन्ही टोकं एकदम धरली. एकच टोक उचललं असतं तर बार तिरका होऊन गळ्याकडे घसरला असता. पोरगा उठून बसला. छातीवर बारचा लाल वळ, पकडीसाठी बारवर असतात त्या दात्यांची नक्षी उमटलेली. मला म्हणतो कसा, "सर, दिवे किती पांढरे?" (अरे, तूच पांढरा पडला होतास!) संयोजक म्हणाले, देवाची कृपा. माझं म्हणणं, देवाला कशाला स्पॉटर करता?

आंतरराष्ट्रीय नियमांत मंचावर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर-लोडर (वजनं चढवणारेही तेच) लागतात. काम दिसतं तेवढं सोपं नाही. खेळाडू उचलत असताना बारला हात लागला तर त्याचा प्रयत्न बाद होऊ शकतो, आणि हात लांब ठेवला तर वेळेवर पोचत नाही. हातभर अंतरावर, नजर बारवर, तोंड बंद.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बघा, याला म्हणतात वेळेचं नियोजन. मूळ विषय आता भराभर घेतो.

हा खेळ लोक समजतात तितका धोकादायक नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दर हजार तासांमागे साधारण 1 ते 4.4 दुखापती आढळल्या. व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यांत हा आकडा 20 च्या पुढे जातो. दुखतं ते खांदा, कंबर आणि गुडघा, आणि बहुतेक वेळा सरावात. उसण भरली तरी 'चालतंय की' म्हणून परत बारखाली जाणं, हे मोठं कारण.

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलताना, एक तळवा पुढे, एक मागे अशी पकड घेता, तेव्हा तळवा पुढे असलेल्या हाताच्या बायसेप्सचा स्नायुबंध तुटू शकतो. तो कोपर वाकवून ओढू नका. बेंचला अंगठा बारभोवती हवाच, नियमही तोच आहे. श्वास कोंडून उचलताना रक्तदाब प्रचंड वाढतो आणि सोडताना झपकन पडतो, म्हणून डेडलिफ्टनंतर पोरं कधी कधी उभ्या उभ्या कोसळतात. रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग बार.

आणि हे जरा थांबून सांगतो. फेब्रुवारी 2025 मध्ये बिकानेरला सतरा वर्षांची सुवर्णपदक विजेती मुलगी 270 किलोच्या स्क्वॉटच्या, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसून उठायच्या, सरावात दगावली. बार मानेवर आला. मागे प्रशिक्षक होते. एवढं वजन निसटलं की मागचा एकटा माणूस ते धरू शकत नाही. जड स्क्वॉटला दोन्ही टोकांना एकेक, मागे एक, आणि रॅकच्या सेफ्टी पिना, म्हणजे पडणारा बार अडवणाऱ्या आडव्या दांड्या, तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीच्या किंचित खाली. एकटे बेंच मारत असाल तर पिना लावा. पिना नसतील तर त्या दिवशी जड बेंच मारू नका.

संयोजकांना एकच विनंती. स्पॉटरांना बूट द्या, आदल्या दिवशी तासभर सराव द्या. आणि सत्कार बक्षीस समारंभात घ्या, हवे तेवढे घ्या. तेव्हा कुणाचं अंग गार पडत नाही.