लेसोथो : पाणी विकलं, माती फुकट गेली

चारही बाजूंनी साउथ आफ्रिका आणि मधोमध हा एवढासा देश, लेसोथो. समुद्र नाही, बंदर नाही, आणि सगळ्यात खालची जागा, जिथे सेन्कू आणि माखालेंग नद्या मिळतात, ती पण साधारण 1,400 मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वर गावाच्याही वर! जूनमध्ये आपल्याकडे छत्र्या बाहेर येतात तेव्हा इथे बर्फ पडतो, आणि मेंढ्यांमागची ही पोरं बघा, अंगावर जाड लोकरी ब्लँकेट, पायात गमबूट.

हे कात्से धरण. 185 मीटर उंच. 1986 ला साउथ आफ्रिकेशी करार झाला, तिकडे तेव्हा गोऱ्यांचं सरकार, इकडे लष्कराचं, त्यामुळे लोकांना विचारणार कोण! पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटातून जातं, वाटेत मुएलाला वीज बनते आणि पुढे ते जोहान्सबर्गच्या बाजूला, 1998 पासून. रॉयल्टी मिळते, नाही असं नाही.

पण खरा विषय ही घळ आहे. इथे डोंगा म्हणतात. कॅमेरा जवळ नेलाय, कडा नीट बघा. वरचा थर भुसभुशीत, वाळूचा, खालचा चिकणमातीचा, घट्ट. इथला पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल, तोही गडगडाट करत एकदम कोसळणारा, मग पाणी फटींतून खाली उतरतं, दोन थरांमधून वाट काढतं, आतल्या आत माती नेत राहतं, वर गवत शाबूत, कोणाला पत्ता नाही, आणि एक दिवस वरचं सगळं धाडकन खाली. त्यानंतर दर पावसात कडा ढासळत शेतात घुसते. त्यात गुरं-मेंढ्या जास्त आणि चारा कमी. झाडं फारशी नाहीतच, म्हणून शेण वाळवून चुलीत जातं, मग शेतात घालणार काय?

वर नद्यांच्या उगमाशी पाणथळ कुरणं आहेत. पाय ठेवला की बुटाभोवती पाणी वर येतं. पावसाचं पाणी इथे थांबतं आणि सावकाश खाली सुटतं, पण आता जागोजागी खुरांचे खड्डे आणि मध्ये उघडी काळी माती दिसते.

लागवडीची जमीन जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास, मका बाहेरून आणावा लागतो, दुष्काळामुळे 2019 ला आणि परत 2024 ला आणीबाणी जाहीर करावी लागली.

आणि हे पोलिहाली, अजून एक धरण, काम जोरात चालूय. त्यात पाणी येणार ते अशाच तुडवलेल्या कुरणांतून.