ज्यांना सुतक नसते

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळचे पाच वाजत आले की आमच्या निवासातल्या एका आजींची घालमेल सुरू होत असे. दिवसभर शांत असलेल्या आजी कपाटाचे खण उघडू लागत, गादीखाली हात घालून चाचपत आणि समोर असलेल्या, त्यांची सेवा करणाऱ्या मावशीला म्हणत, "माझ्या पाटल्या तूच घेतल्यास." पाटल्या आजींच्या मुलीकडे होत्या, पण ते सांगून उपयोग नव्हता. मावशी वाद घालत नसे. "चला, आपण दोघी मिळून शोधू," असे म्हणून ती तेच खण पुन्हा उघडी, तेच टॉवेल झटकून पाही, आणि चहा आला की शोध थांबे. दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा पाटल्या आणि पुन्हा तोच आळ. असे जवळजवळ दोन वर्षे चालले.

पुणे परिसरातील स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या एका निवासात मी परिचारिका म्हणून काम करते. या आजाराविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते आवश्यकच आहे, कारण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा. आज मात्र मला त्या मावशीविषयी बोलायचे आहे.

या आजारात नुकतेच घडलेले आधी पुसले जाते. वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही आणि आठवत नाही हेही उमगत नाही, तेव्हा ती कुणीतरी घेतली असणार, हेच आजारी मेंदूला पटते. परिचारिकेला हे अभ्यासक्रमात शिकवलेले असते. सेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत बारा तासांच्या ड्युटीवर येणाऱ्या मावशीला ते बहुधा कुणीच सांगितलेले नसते. आणि सांगितले तरी, जिने आयुष्यभर लोकांच्या घरी कामे करून कुणाच्या पैशाला हात लावला नाही, तिला चोर म्हटलेले झोंबायचे राहत नाही. शिवाय हा आळ भेटीला आलेल्या नातेवाइकांच्या कानावर गेला आणि त्यांना तो खरा वाटला, तर तिची नोकरी जाऊ शकते. आजींना दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. तिला मात्र सगळे आठवते.

अंगमेहनत तर आहेच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, डायपर बदलावे लागतात, खुर्चीत उचलून बसवावे लागते, आणि कंबर कायमची धरते. आंघोळीच्या वेळी, अनोळखी बाई आपले कपडे का काढते आहे हे न कळून घाबरलेले आजोबा हात उगारतात, चिमटे काढतात, चावतात. दंडावरचे वळ पदराखाली झाकून मावशी बाहेर येते आणि पुढच्या खोलीत हसतच शिरते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ साली हवाई सेविकांच्या कामाविषयी लिहिताना अशा हसण्याला भावनिक श्रम म्हटले होते. तो प्रवास काही तासांत संपतो; इथे तेच माणूस, तोच राग आणि तोच दिलासा वर्षानुवर्षे असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून नाही, तर कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी आलेला दुरावा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. मला सर्वांत भीती दुराव्याची वाटते. कालपर्यंत "आजी जेवल्या" असे सांगणारी मावशी एके दिवशी "सात नंबरचं झालं" असे म्हणते. ती दुष्ट झालेली नसते. आतल्या आत तिने स्वतःला वाचवलेले असते. तिला रागावून काही साधत नाही. त्या दिवशी तिच्या वाट्याला किती माणसे होती आणि तिची शेवटची सुट्टी कधी झाली, हे आधी विचारावे.

ज्या गोष्टींनी फरक पडताना मी पाहिला, त्या फार खर्चाच्या नाहीत. आंघोळीला दोन माणसे असली की मार कमी बसतो. पाळी बदलताना पंधरा मिनिटे बसून बोलता आले की वळ पदराखाली राहत नाहीत. आणि प्रवेशाच्याच दिवशी नातेवाइकांना, "आई कदाचित आमच्या माणसांवर चोरीचा आळ घेतील, तो आजाराचा भाग आहे," असे स्पष्ट सांगितले, तर मावशीच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर होते.

एका गोष्टीचे उत्तर आम्हाला बराच काळ सापडले नाही. त्या आजी गेल्या, तेव्हा मुलगी आली, अंत्यविधी झाला, घरच्यांनी दहा दिवस सुतक पाळले. मावशीला सुतक नव्हते. दोन वर्षे जिने त्यांना भरवले, वेणी घातली, शेवटच्या रात्री ओठांना पाणी लावले, तिने सकाळी चादर बदलली आणि ती दुसऱ्या खोलीत कामाला गेली. चौथ्या दिवशी त्या पलंगावर नवे आजोबा आले. त्या संध्याकाळी पाचच्या सुमारास मी तिला कपाटाचा रिकामा खण उघडून उभी असलेली पाहिली.

तेव्हापासून आमच्याकडे कुणी गेले, की खोली दुसऱ्याला देण्यापूर्वी सेवेतली सगळी माणसे तिथे अर्धा तास बसतात. समई लावतात, ज्याला बोलावेसे वाटेल तो बोलतो, आणि ज्याला रडू येईल त्याला कुणी कामाची आठवण करून देत नाही. पहिल्यांदा बसलो ते त्या आजींसाठीच, महिना उलटून गेल्यावर, नव्या आजोबांना बागेत नेले असताना. मावशी बराच वेळ गप्प होती. मग तिने पाटल्यांची सगळी हकिकत सांगितली, आणि म्हणाली, "मला चोर म्हणायच्या, पण झोपताना हात माझाच धरायच्या."