आंबवलेला चहा आणि नानांची वाटी

नमस्कार श्रोतेहो. आज कोम्बुचाबद्दल बोलू. साखर घातलेला कोरा चहा गार करायचा, त्यात जिवाणू आणि यीस्टचा तो जाड, बुळबुळीत थर सोडायचा, वर फडकं बांधून आठवडा-दोन आठवडे ठेवायचं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल. म्हणजे पेय चांगलंच आंबट, पीएच ३ च्या आसपास. आंबट आहे, एवढं धरून ठेवा.

आता नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट. लेकीने पुण्याहून तो थर आणून दिला. वहिनींनी माळ्यावरून सासूबाईंचं पितळी पातेलं काढलं, घासून लखलखीत केलं आणि त्यातच चहा आंबत घातला. आठवड्याने पहिली वाटी सासऱ्यांना. नानांनी वाटी नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली.

"सूनबाई, हे कळकलंय."

"नाना, ते असंच लागतं. आंबवलेलं आहे ना!"

नाना उठले, पातेलं खिडकीशी नेऊन कलतं केलं. आतली कल्हई कधीच उडालेली, कडेला हिरवट रेघ.

"ताक ठेवतेस का गं पितळेत? मग हे कसं ठेवलंस?"

वहिनींनी एक शब्द न बोलता सगळं मोरीत ओतलं. पितळेतलं तांबं आम्लात उतरतं, आणि नानांना तो वास लहानपणापासून ओळखीचा. पूर्वी गल्लीत कल्हईवाला हाक मारत यायचा. तो दिसेनासा झाला, हे मला फार लागतं. पितळेची भांडी घराघरांत शोभेला आहेत, कल्हई करणारा मात्र शोधावा लागतो.

तर लक्षात ठेवा, कोम्बुचाला काचेची बरणी. पितळ नको, तांबं नको, जुनी रंगीत चिनी मातीची बरणीही नको, काहींच्या लेपात शिसं असतं.

तब्येतीचे दावे भरपूर, पण बहुतेक प्रयोग उंदरांवर आणि पेशींवर झालेले. माणसांवरचे मोजके, लहान. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात रोज हा चहा पिणाऱ्या दोघी गंभीर आजारी पडल्या, एक दगावली. चहामुळेच, असं सिद्ध झालं नाही. तरी गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तो घेऊ नये. मधुमेहींनी उरलेली साखर हिशेबात धरावी. थोडं अल्कोहोलही असतं. ठाण्याच्या उन्हात मी तरी हिंग-जिऱ्याचं ताकच पितो.

आणि तयार झालेली बाटली फ्रिजमध्येच. बाहेर यीस्टचं काम थांबत नाही, गॅस साठतो, घट्ट बुचाची बाटली फुटते.