गाणं बसवणं

नमस्कार, श्रोतेहो.

पुण्यातली बँडवाली मुलं गाणं 'बसवतात'. आपण नाटक बसवतो ना, अगदी तसं. कुणाच्या तरी बंगल्याच्या गॅरेजमध्ये, शेजारच्या आजोबांची वामकुक्षी आटोपली की, म्हणजे चारनंतर, तालमी सुरू होतात. "काय चाललंय सध्या?" असं विचारलं तर उत्तर मिळतं, "एक कव्हर बसवतोय." कव्हर म्हणजे दुसऱ्यानं आधी गायलेलं गाणं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इंग्रजी रॉक संगीतातली अशी काही दुसऱ्याची गाणी माझ्या फार आवडीची आहेत. आज त्यांच्याबद्दल चार गोष्टी सांगतो.

आधी माझी अडचण सांगतो. मला कव्हर आधी भेटली, मूळ गाणी नंतर. गोष्ट 1986 सालची, मी अकरावीत होतो. राहायला नारायण पेठेत. लक्ष्मी रोडला अभंग मिळत, नाट्यगीतं मिळत, इंग्रजी गाण्यांसाठी सायकल हाणत कॅम्पात जावं लागे. तिथं एका दुकानात गाण्यांची टाइप केलेली एक फाइल होती. तुम्ही बारा गाणी निवडायची, कोरी सी-60, म्हणजे साठ मिनिटांची, कॅसेट द्यायची, पैसे भरायचे आणि चार दिवसांनी यायचं. दुकानदार कॅसेटच्या कार्डावर गाण्यांची नावं बारीक अक्षरात लिहून द्यायचा. गायकांची नावं लिहायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "जागा कुठंय?" त्यामुळे कोण गातंय, गाणं कुणाचं, आधी कोण आणि नंतर कोण, यातलं काही म्हणजे काही मला ठाऊक नव्हतं.

त्या कॅसेटवर 'विथ अ लिटिल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' होतं. आधी ऑर्गनची सुरावट, मग गिटार अंगावर येते, आणि मग एक माणूस असा गातो की त्याच्या घशाला काहीतरी झालंय असं वाटावं. दोन-तीन वर्षं मी ते ऐकत होतो. मग एका मित्राच्या घरी बीटल्सची 1967 सालची एलपी ऐकली. त्यात तेच शब्द रिंगो स्टार मान डोलवत, सरळ, हसतखेळत गात होता. मला वाटलं, ह्यांनी माझ्या गाण्याची मस्करी केलीय. खरं तर ते मूळ होतं. माझ्या कॅसेटवरचा माणूस जो कॉकर होता, शेफील्डचा, गायक म्हणून नाव होण्याआधी गॅसच्या जोडण्या करणारा. 1968च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं हे गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात त्यानं ते हजारोंच्या गर्दीपुढे, हवेत हात वेडेवाकडे नाचवत गायलं. त्या रेकॉर्डवर गिटार वाजवणारा जिमी पेज त्या वेळी लेड झेपेलिन हा आपला बँड नुकताच उभा करत होता.

तेव्हा मी तबला शिकत होतो. एकदा गुरुजींना दोन्ही गाणी ऐकवली. घाबरतच, कारण त्यांच्या घरात हार्मोनियमलासुद्धा जरा दबकूनच प्रवेश होता. बीटल्सचं ऐकताना त्यांनी मांडीवर चार मात्रा मोजल्या आणि काही बोलले नाहीत. कॉकरचं सुरू झालं तसे ते थांबले. मग बोटं हलू लागली. श्रोतेहो, इथं टेबलावर वाजवून दाखवतो, सावकाश: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा.

"अरे, हा दादरा आहे," गुरुजी म्हणाले. "आणि किती खाली आणलाय बघ. पहिली पोरं रस्त्यानं चालत गात होती. हा बसलाय."

मी म्हणालो, "गुरुजी, गाणं तेच आहे."

"शब्द तेच आहेत," ते म्हणाले आणि कॅसेट उलटी फिरवायला सांगितली.

माझ्या मते कव्हरची सगळी गंमत त्या दादऱ्यात आहे. चार मात्रांतलं गाणं सहात टाकलं, लय निम्म्यावर आणली, की दोन शब्दांमध्ये मोकळी जागा होते. रिंगोच्या गाण्यात त्या जागाच नाहीत, गाणं चालत पुढं निघून जातं. कॉकरला त्या सापडल्या आणि त्यानं त्या भरल्या. मागं गाणाऱ्या बायका प्रश्न विचारतात आणि तो उत्तर देता देता मोडून पडतो. शब्द न बदलता मित्रांच्या गप्पांची प्रार्थना झाली.

याच कॅसेटवर दुसरा एक दादरा होता, 'द हाऊस ऑफ द रायझिंग सन'. पुण्यातल्या कुठल्याही गिटार क्लासमध्ये जा, तिसऱ्या महिन्यात हे गाणं शिकवतात: ए मायनर, सी, डी, एफ हे कॉर्ड्स (म्हणजे सुरांचे जुळवलेले गुच्छ), एकेक तार छेडत. मी क्लासमध्ये शिकून घरी आलो, कॅसेटबरोबर वाजवायला बसलो, तर पट्टी जुळेना. कॅसेट अर्ध्या सुरानं वर. मी तारा पिळत पिळत वर नेल्या, आणि पहिली तार तुटून गालाला लागली. दुकानातलं मूळ गाणं वाजवणारं मशीन जरा जास्त वेगानं फिरायचं, हा शोध फार उशिरा लागला.

गाण्याचा मूळ मालक मात्र आजवर कुणालाच सापडलेला नाही. ते लोकगीत आहे. 1937 साली ॲलन लोमॅक्स हे संग्राहक यंत्र घेऊन केंटकीत हिंडत होते, तेव्हा त्यांनी जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या आवाजात ते टिपलं. त्याच्याही आधीचं ध्वनिमुद्रण आहे. पुढं न्यूयॉर्कमध्ये डेव्ह व्हॅन रॉन्क नावाचा गायक ते आपल्या पद्धतीनं गाऊ लागला. तरुण बॉब डिलननं ती पद्धत उचलली आणि 1962 साली आपल्या पहिल्याच रेकॉर्डवर गायली. मग लोक व्हॅन रॉन्कला म्हणू लागले, 'डिलनचं गाणं गाता वाटतं!' वैतागून त्यानं ते गाणं सोडलं. दोन वर्षांनी इंग्लंडच्या 'द ॲनिमल्स'नी ते इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गनवर वाजवलं, एका दमात, एकाच टेकमध्ये. ते जगभर गाजलं. आता लोक डिलनला म्हणू लागले, 'ॲनिमल्सचं गाणं चोरलंस!' मग त्यानंही ते सोडलं. व्हॅन रॉन्कला तेव्हा काय वाटलं असेल, ते पुणेकरांना समजावून सांगायला नको.

आणि श्रेय? ॲनिमल्स पाच जण. रेकॉर्डवर संगीत संयोजनासाठी नाव एकाचंच छापलं, ऑर्गनवाल्या ॲलन प्राइसचं. कारण असं सांगितलं गेलं, की लेबलवर पाच नावांना जागा नव्हती. हे वाचलं तेव्हा मला आमचा कॅम्पातला दुकानदार आठवला. त्याचा तरी स्वार्थ नव्हता; इथं पुढची सगळी रॉयल्टी त्या एका नावामागं गेली.

त्याच ॲनिमल्समध्ये बास गिटार वाजवणारा चॅस चँडलर पुढं वादन सोडून व्यवस्थापक झाला आणि 1966 साली अमेरिकेतून एका तरुण गिटारवादकाला लंडनला घेऊन आला. तो जिमी हेंड्रिक्स.

आता हे जे गाणं सांगणार आहे, त्याच्यापुढे बाकीची जरा मागं सरकवावी लागतात. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' डिलनचं. 1967च्या डिसेंबरअखेर रेकॉर्ड आली. गाणं अडीच मिनिटांचं. साधी गिटार, माउथ ऑर्गन, बास, ड्रम, बस्स. तेच तीन कॉर्ड्स शेवटपर्यंत फिरत राहतात. डिलन बातमी सांगावी तसं ते सांगतो. ऐकून झालं की वाटतं, गोष्ट अर्ध्यातच राहिली.

अवघ्या महिन्याभरात, 1968च्या जानेवारीत, हेंड्रिक्स हे गाणं घेऊन लंडनच्या स्टुडिओत बसला. एकामागून एक टेक होऊ लागले, त्याचा बासवाला कंटाळून निघून गेला, शेवटी बासही यानंच वाजवला. पुढं न्यूयॉर्कला नेऊन वर आणखी थर चढवले. ऐकताना मधल्या सोलोकडे, म्हणजे एकट्या गिटारच्या वादनाकडे, लक्ष द्या. चार तुकडे आहेत. एक सरळ, मग तारेवरून घसरत जाणारा, मग वा-वा पेडलवर, म्हणजे पायानं दाबून गिटारचा आवाज वळवायच्या खटक्यावर, माणूस बोलावा तसा, आणि शेवटी नुसत्या कॉर्ड्सचा ठोका. कॉर्ड्स तेच तीन, एकही वाढवलेला नाही.

आपल्याकडे बंदिशीची अस्थाई दोन ओळींची असते. कागदावर वाचली तर त्यात काही नसतं. गवई तिच्यावर पाऊण तास मांडतो तेव्हा आपण म्हणतो, वा, काय बंदिश आहे! डिलननं बंदिश लिहिली, हेंड्रिक्सनं ती मांडली, असं मला वाटतं. आणि डिलनलाही ते पटलं असावं. 1970 साली हेंड्रिक्स गेला. पुढं डिलननं स्वतः लिहिलं, की मला त्याचं गाणं आवडलं होतं आणि तो गेल्यापासून मीही ते त्याच्याच पद्धतीनं करतो. डिलननं हे गाणं कार्यक्रमांत दोन हजारांहून जास्त वेळा गायलंय. म्हणजे दोन हजार वेळा रचणाऱ्यानं आपल्याच गाण्याचं कव्हर केलं.

सगळ्यांचंच असं जमतं असं नाही. डिलनचंच 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' 1973चं, अडीच मिनिटांचं, मरणाऱ्या माणसाचं गाणं. गन्स अँड रोझेसनी ते साडेपाच मिनिटांचं केलं आणि नव्वदीत पुण्यातल्या प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगला ते वाजलं. मीही ड्रमवर बसून वाजवलंय. मुलं नाचली, शिट्ट्या पडल्या. पण मरणाऱ्या माणसाला एवढा दम कुठून आला, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पत्रं पाठवाल, ठाऊक आहे. पाठवा.

उलट टोकाला अमेरिकन गायक जॉनी कॅश. 2002 साल, वय सत्तर, तब्येत ढासळलेली. त्यानं 'नाइन इंच नेल्स' या बँडचं 'हर्ट' गायलं. मूळ 1994चं, एका तरुण माणसानं लिहिलेलं. कॅशनं एका शिवीच्या जागी 'काटे' हा शब्द घातला, बाकी नुसती गिटार, पियानो आणि थरथरणारा आवाज. मूळ रचणारा ट्रेंट रेझ्नर आधी जरा नाखूश होता. व्हिडिओ पाहिल्यावर त्याला वाटलं, हे गाणं आता माझं राहिलं नाही. वर्षभरात कॅश गेला.

गाणं कुणाचं, हे भांडण आपल्याला नवं नाही. 1911चं 'संगीत मानापमान' घ्या. त्यातली पदं मास्टर दीनानाथांनी आपल्या ढंगात गायली, तेव्हापासून पेठांमध्ये दोन पक्ष आहेत. माझे आजोबा ते नाटक आधी गाजवणाऱ्या बालगंधर्वांच्या बाजूचे, त्यांचे धाकटे भाऊ दीनानाथांच्या. दिवाळीच्या फराळाला विषय निघाला की चकलीचं ताट थंड व्हायचं. त्यांना कुणी 'कव्हर' हा शब्द सांगितला असता तर दोघंही मिळून त्याच्या अंगावर गेले असते.

जाता जाता त्या सी-60चं सांगतो. दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं 'वॉचटॉवर' होतं. दुकानदारानं वेळेचा हिशेब चुकवला होता, त्यामुळे सोलो संपून हेंड्रिक्स शेवटचं कडवं उचलतो आणि तिथंच टेप संपायची. खट्. पुढं काय होतं हे मला कितीतरी वर्षं कळलंच नाही. आता फोनवर अख्खं गाणं आहे, योग्य पट्टीत, योग्य वेगात. पण ते मला जरा संथ वाटतं, बेसूरही. आणि शेवटचं कडवं जवळ आलं, की माझा हात अजून कॅसेट उलटायला जातो.

नमस्कार.