गाणं कानात मुरतं तेव्हा

मंडळी, मी आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. भिंतीपलीकडे तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब, त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर आणि तेलुगू गाण्यांची एकच कॅसेट. ती दिवसभर उलटसुलट करून लागायची. माझी आई दाराशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. हात कामात, डोक्यात हजार विड्यांचा हिशेब. गाण्याकडे तिचं लक्षही नसायचं. आमच्या घरात तेलुगू कुणालाच येत नव्हतं. पण चार-सहा महिन्यांनी आई त्यातलं एक गाणं गुणगुणायला लागली. शब्द सगळे चुकीचे, चाल मात्र अचूक. काय आवडलं त्यात, असं विचारलं तर म्हणाली, "काय की बाबा, कानाला गोड लागतंय."

हे 'गोड लागणं' कुठून आलं, याचा विचार मी पुढे मानसशास्त्र शिकताना करायला लागलो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाचा 1968 सालचा एक गाजलेला निबंध आहे. त्यातल्या एका प्रयोगात त्यांनी लोकांना अर्थ नसलेले, तुर्की वाटावेत असे शब्द दाखवले. काही एकदाच, काही पंचवीस वेळा. मग विचारलं, या शब्दाचा अर्थ चांगला असेल की वाईट? जो शब्द जास्त वेळा समोर आला होता, त्याचा अर्थ लोकांना जास्त चांगला वाटला. अर्थ मुळात नव्हताच! माझ्या आईला न कळणारं तेलुगू गाणं गोड लागलं, त्याची मेख मला इथे सापडली.

कारण काय असावं? एक स्पष्टीकरण मला पटतं. नवी चाल ऐकताना मेंदू सारखा पुढच्या सुराचा अंदाज बांधत असतो आणि सारखा चुकतो. ते कष्टाचं काम असतं. दहाव्या वेळी अंदाज बरोबर यायला लागतो, कष्ट कमी होतात, आणि तो सोपेपणाच आपल्याला गोडवा म्हणून जाणवतो. आपल्या गवयांना, कीर्तनकारांना हे फार आधीपासून ठाऊक असणार. ख्यालात मुखडा पुन्हा पुन्हा समेवर येतो, कीर्तनात टाळकरी ध्रुवपद घोळवत राहतात. आपल्या संगीतात पुनरावृत्तीची सोय गाण्याच्या आतच करून ठेवलेली आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, अनोळखी रागाबद्दल पहिल्या ऐकण्यात मत देऊ नका. तेव्हा तुम्ही रागाला नव्हे, आपल्या अनोळखीपणाला नापास करत असता.

पण हे अखंड चढत जात नाही. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास याची कमान मांडली: आवड चढते, टोकाला जाते, मग उतरते. साधी चाल लवकर चढते आणि लवकर विटते, गुंतागुंतीची उशिरा. टोरंटोच्या संशोधकांनी 2004 मध्ये यात एक बारकावा दाखवला. लक्ष देऊन ऐकलेलं संगीत आधी आवडत गेलं आणि फार वेळा झाल्यावर नकोसं झालं. पण दुसरंच काम करताना कानावर पडलेल्या संगीताची आवड, तितक्याच वेळा ऐकूनही, वाढतच गेली. हे वाचलं तेव्हा मला आईचं सूप आठवलं. तिचं लक्ष विड्यांत होतं, म्हणूनच कदाचित ती कॅसेट तिला विटली नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या सोलापुरासाठी महत्त्वाची आहे. सुरुवातच नावडीने झाली असेल, तर पुनरावृत्तीने नावड वाढूही शकते. मिरवणुकीच्या रात्री हृदयविकाराचा रुग्ण घरात असताना खिडकीच्या तावदानांना हादरे देत एखादं गाणं आठव्यांदा वाजतं, तेव्हा त्या घरातल्या माणसांना ते गाणं जन्मभरासाठी नकोसं होतं. गाणं कदाचित उत्तम असेल. डॉल्बीचा प्रश्न आपण डेसिबलमध्ये मोजतो, ते योग्यच आहे; पण त्यात गाण्याचंही नुकसान होतं, हे कुणी बोलत नाही.

उलट आपलं लेझीम बघा. तासन् तास तोच ठेका, तीच हलगी, आणि खेळणाऱ्या पोरांचे चेहरे फुललेले. तिथे आवर्तन अंगात उतरतं, पुढचं पाऊल कुठे पडणार ते पायाला ठाऊक असतं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघाल्या की 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' हा गजर आपण दर संक्रांतीला शेकडो वेळा ऐकतो, आणि स्वतःही देतो. कन्नड, तेलुगू, मराठी, उर्दू, घरात कुठलीही भाषा असो. मला तरी अजून त्या गजराला विटलेला माणूस भेटलेला नाही.

मंडळांचे काही कार्यकर्ते इथे बसलेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. यंदाच्या मिरवणुकीत एखादं नवं गाणं लोकांच्या ओठांवर यावं असं वाटत असेल, तर ते लेझमाच्या सरावाला महिनाभर आधीपासून हळू आवाजात लावा. पोरं खेळत राहतील, गल्लीतल्या बाया आपापली कामं करत राहतील, आणि गाणं त्यांच्या कानात मुरत जाईल.