कोणाकोणाला घेत नाहीत?

नमस्कार मंडळी. बटाटेवड्यांच्या आधी मला उभं केलंय, म्हणजे लवकर आवरायचं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे भांडण झालं. मला एका खाजगी गोल्फ क्लबात शिरायचं होतं. खेळ येतो म्हणून नव्हे. माझा चेंडू अजून मक्याच्या शेतातच जातो. ऑफिसातले मोठे साहेब तिथं असतात म्हणून. वर्गणीचा आकडा ऐकून बायकोने लाटणं खाली ठेवलं. अकरा वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, तिथे कोणाकोणाला घेत नाहीत?"

"पैसे भरले की सगळ्यांना घेतात," मी म्हटलं. तिने नुसतं बघितलं.

पुढच्या शनिवारी बायकोने आम्हाला आपल्याच ओहायोतल्या ईस्ट कँटनला नेलं. तिथलं क्लिअरव्ह्यू गोल्फ मैदान बिल पॉवेल यांनी उभं केलं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला हा कृष्णवर्णीय सैनिक. इथल्या मैदानांवर खेळायची बंदी, बँकांनी कर्ज नाकारलेलं. मग दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी आणि भावाने पैसे घातले, १९४६ मध्ये दुभत्या गायींची शेतजमीन घेतली. रात्री कारखान्यात पहारा, दिवसा हाताने बी पेरायचं. १९४८ मध्ये नऊ होल सुरू झाले, १९७८ पर्यंत अठरा. पहिल्या दिवसापासून कोणीही यावं, खेळावं. बायको मार्सेला सोबत राबली, मुलगा लॅरीने गवत सांभाळलं. मुलगी रेनेच्या हातात तिसऱ्या वर्षी स्टिक आली. १९६७ मध्ये ती एलपीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक महिला गोल्फच्या, स्पर्धांत उतरली आणि पुढे पोरांना शिकवत राहिली. अख्खं घर एका हिरवळीला जुंपलेलं!

आपण काय, वाड्यात एक टप्पा आऊट खेळून मोठे झालो. काकूंच्या खिडकीची काच फुटली की सगळे एकदम पांगायचे. तिथे मात्र बॅट ज्याची, टीम त्याची, आणि खालच्या आळीतली पोरं भिंतीवर बसून बघायची. त्यांना खेळायला कोणी बोलावलं होतं, आठवतंय का कोणाला? मला नाही आठवत.

क्लबाचा अर्ज अजून ड्रॉवरमध्ये आहे, फाडलेला नाही. खोटं कशाला बोलू?

आणि आज दारात एक नवं कुटुंब भेटलं. मी हात जोडले, हसलो आणि सवयीने विचारलं, "आडनाव काय आपलं?" गृहस्थ क्षणभर थांबले. मग आडनाव न सांगता गावाचं नाव सांगितलं.

लेक शेजारीच उभी होती. गाडीत काय विचारणार आहे, कोण जाणे.