टाकीच्या आतला पंप

(दृश्य: गाडीची किल्ली ऑनवर जाते. सेल मारलेला नाही.)

मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. हा पेट्रोलच्या टाकीत बुडालेला फ्युएल पंप. नळीत दाब भरून तो गप्प बसतो आणि इंजिन सुरू झालं की पुन्हा कामाला लागतो. एखाद्या दिवशी गाडी सुरू होत नाही, गुणगुणही येत नाही. मग लगेच निकाल लागतो, 'पंप गेला.' घाई होते ती इथेच.

पंपावरचा आरोप आधी सिद्ध करावा लागतो. पहिला पाहायचा फ्यूज. मग रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच: शेजारचा त्याच नंबरचा रिले तिथे लावला की मिनिटभरात उत्तर मिळतं. त्यानंतर पंपाच्या कप्लरवर, म्हणजे वायरींच्या प्लगवर, व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर. पण कप्लर सोडवून मोजलेले 12 व्होल्ट फसवे असतात. आतून कुजलेली, एखाददुसऱ्या तारेवर तग धरून असलेली वायरसुद्धा भार नसताना 12 दाखवते. म्हणून कप्लर जोडलेलाच ठेवायचा, मागून बारीक पिन सरकवायची आणि पंपाला वीज मिळत असताना मोजायचं. आकडा बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त खाली असेल, तर वायर, रिलेचे पॉइंट आणि अर्थ तपासा. नाहीतर नवा पंपही रडतखडतच चालेल. काही गाड्यांत पंपाचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर असतो. तिथे व्होल्टेज मुळातच बदलतं राहतं, तेव्हा त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडणं भाग आहे.

गाडी सुरू होते पण चढावर दम तोडते, अशी तक्रार असेल तर प्रेशर गेज लावल्याशिवाय बोलू नये. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, पेट्रोल फवारणाऱ्या साध्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत दाब 3 ते 4 बारच्या आसपास असतो. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या इंजिनांत पुढे आणखी एक पंप असतो आणि त्याचा दाब कितीतरी पट जास्त. त्या बाजूची नळी घरी सोडवायची नाही.

(दृश्य: उघडं आवार. गाडीची चारही दारं उघडी.)

पंप खरंच गेला असेल, तर टाकी पाव भागाच्या खाली आणून काम सुरू करायचं. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत सरकते आणि खड्ड्यात, तळघरात साचते. म्हणून बंद गॅरेजमध्ये हे काम नाही. जवळ गीझर नको, हीटर नको, तारेवर लटकणारा बल्बही नको. हाताशी पावडरचं अग्निशामक हवं.

आता नळीतला दाब उतरवायचा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करायचं आणि ते आपोआप बंद पडू द्यायचं. मुळातच सुरू होत नसेल तर काही सेकंद सेल मारायचा. मग बॅटरीची मायनस वायर काढायची. तरीही नळीत थोडं पेट्रोल उरतंच, म्हणून सांधा सोडवताना भोवती फडकं गुंडाळलेलं बरं.

बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा डिकीत पंपापर्यंत पोहोचायचं झाकण असतं. जिथे नाही, तिथे टाकीच खाली उतरवावी लागते. ते एकट्याचं काम नव्हे. झाकण उघडल्यावर दिसते वर्षानुवर्षांची धूळ. आधी ती ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करायची, नाहीतर ती थेट टाकीत पडते. मात्र टाकीचं तोंड उघडल्यावर व्हॅक्यूम जवळही आणायचा नाही. त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात.

नळीचा क्विक कनेक्टर ओढून निघत नाही. आधी तो किंचित आत ढकलायचा, खटके दाबायचे, मग सरळ बाहेर. जुनं नायलॉन कडक झालेलं असतं. पिळलं की तडकतं. पंपाला टाकीवर घट्ट धरणारी मोठी लॉक रिंग त्या मापाच्या पान्याने फिरवावी. तो नसेल तर लाकडी किंवा पितळी ठोकळा लावून, थोडं थोडं सगळीकडून. स्टीलची छिन्नी आणि हातोडा म्हणजे ठिणगीला आमंत्रण.

(दृश्य: पंपाचं असेंब्ली, म्हणजे पंप, जाळी आणि फ्लोट यांचा एकत्र जोड, तिरपं करून बाहेर येतं.)

असेंब्ली सरळ ओढलं तर पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटचा दांडा कडेला अडकून वाकतो आणि पुढे पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलतो. तिरपं करूनच काढायचं. असेंब्लीच्या भांड्यात साचलेलं पेट्रोलही सोबत येतं, खाली ट्रे धरा.

पूर्ण असेंब्ली बदलायचं की आतली मोटर? मोटर स्वस्त पडते, पण काम नाजूक. असेंब्लीच्या आतल्या नळीच्या तुकड्यासाठी साधी फ्युएल नळी वापरली तर पेट्रोलमध्ये बुडून ती बाहेरूनही फुगते आणि फाटते. तिथे बुडवून वापरायचीच नळी लागते, तिच्यावर एसएई जे30आर10 असा शिक्का असतो. प्लस-मायनस उलटे जोडले तर पंप फिरतो, पण दाब देत नाही. पंपाच्या तोंडाची जाळी, म्हणजे गाळणी, नवीच हवी. तुंबलेली जाळी पंपाला तहानलेला ठेवते, आणि पेट्रोल हेच त्याचं थंडावण आणि वंगण. कायम रिझर्व्हवर चालणाऱ्या गाडीचा पंपही असाच तापतो. नवा पंप 'बघू चालतो का' म्हणून कोरडा फिरवायचा नाही.

सील नवंच. पेट्रोलमध्ये मुरलेलं जुनं सील बाहेर आल्यावर फुगलेलं असतं, खाचेत बसत नाही. त्यावर सिलिकॉन थापणं हा उपाय नव्हे. पेट्रोल ते सोलून काढतं आणि तुकडे जाळीवर जाऊन बसतात. असेंब्लीवरचा बाण टाकीवरच्या खुणेसमोर आणून, हाताने दाबून धरत रिंग घट्ट करायची.

नळी आणि कप्लर जोडून, पंपाचा काढलेला फ्यूज परत लावून, मग बॅटरी जोडून किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करायची, दर वेळी दोन-तीन सेकंद थांबून. सांधे कोरडे आहेत याची खात्री झाली की मगच सेल मारायचा. सीट मात्र इतक्यात बसवू नये. पाव टाकीवर सील पाझरत असल्याचं कळत नाही, कारण पेट्रोल तिथवर पोहोचतच नाही. टाकी पूर्ण भरायची, एक-दोन वळणं जोरात घ्यायची, आणि झाकण उघडून रिंगच्या कडेने कोरडं बोट फिरवायचं.